डब्याशिवाय

ता. ४ मार्च
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
मी मजेत आहे. रविवारी आम्ही चौघं बुडी मारायला उतरलो. पाणी काचेसारखं. एक शार्क आला, आपल्या दुकानाच्या फळीएवढा लांब, घिरट्या घालून गेला. वर येऊन आम्ही तिघांनी ओल्या कपड्यांतच चहा ढोसला. आईला सांगा, काळजी नको. शार्कपेक्षा तिला वय विचारणं जास्त धोक्याचं.
माया आहेच, ती तशीच ठेवा.
तुमची धाकटी

ता. ११ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, मी मोटरीला तार गुंडाळत ऐकलं. ती हसली. मी नाही. मोटर जळायला आली की आवाज बदलते, तसं तुझं पत्र मधेच बदललं. उतरलात चौघं, चहा प्यायले तिघं. चौथा काय मासे मोजत बसला? बाई गं, बापाचे केस गेलेत, कान नाही गेले.
खरं काय ते लिही आणि घरी ये. पाठ दाखवण्यात लाज कसली? तीन धंद्यांतून पळालो, तेव्हा कुठे हा टिकला.
रागावलोय, पण वाट बघतोय.
बाबा

ता. १७ मार्च
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
पकडलंत. चौथा म्हणजे माझा बुडीतला जोडीदार, उंट. उंच मानेमुळे पडलेलं नाव. शार्कने त्याचा हात फाडला. टाके पडलेत, बोटं हलतात.
पर्यटकांना शार्क हमखास दिसावा म्हणून मालक आम्हाला माशांच्या तुकड्यांचा डबा खाली न्यायला लावतो. शार्क आधी निवांत होता. मग त्याने पाठीला कुबड काढलं, बाजूचे पर खाली पाडले, झटके देत पोहू लागला. लांब व्हा, असं सांगायची ती त्याची रीत. मी वर चला अशी खूण केली. मालकाने थांबायची केली. उंट घाबरला आणि डबा छातीशी धरून वळला.
तुम्ही म्हणता पाठ दाखव. बाबा, खाली नेमकी तीच चूक! तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरायचं असतं. मी तेच केलं, म्हणून धड आहे.
मालकाला सांगितलंय, डबा असेल तर मी नाही. तो म्हणाला, सोमवारपर्यंत विचार कर. विचार झालाय. परवानगी मागत नाही, कळवतेय.
तरी एक ओळ लिहा.
धाकटी

ता. २२ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
घरी ये म्हणालो होतो, ते मागे घेतो. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरीने पुन्हा त्या डब्याला हात लावला तर शार्क राहू दे, मीच चावेन. ही घे तुझी ओळ.
दोघांचा हात पाठीवर आहे.
बाबा

ता. ९ मे
ती. बाबांस व आईस,
सा. न. वि. वि.
मालकाने काढलं. उंट माझ्याबरोबर बाहेर पडला. एका म्हाताऱ्या नावाड्याची नाव धरलीय. डबा नाही, शार्कची हमी नाही, त्यामुळे गिऱ्हाईकही नव्हतं. शेवटी उंटाच्या आईच आल्या. पोराला चावला तो बघायचाच, म्हणून हटून बसल्या. तलावात रीतसर शिकवून, डॉक्टरांना दाखवून काल त्यांना खाली नेलं.
तो आला. पर सरळ, पाठ सैल, चाल संथ. मी थांबायची खूण केली. बाईंनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली, पण नजर त्याच्यावरून हलवली नाही. त्याने आम्हाला न्याहाळलं आणि निळ्यात विरून गेला.
वर येताच तोंडातली नळी काढून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? एवढासाच का, म्हणाल्या. लेक तर घरी बसगाडीएवढा सांगत होता. उंटाने मान खाली घातली ती किनाऱ्यापर्यंत वर केली नाही.
पुढच्या आठवड्यात त्या आपल्या दोन्ही जावांना आणतायत.
कृपा पातळ होऊ देऊ नका.
तुमची धाकटी