योग्य ती परवानगी

३ मार्च, सोमवार
आज साहेबांनी स्वतःहून केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसात एआय एजंट आणलाय. प्रोजेक्टच्या फाइली कोणी नुसत्या बघायच्या, कोणी बदलायच्या, कोणाला बाहेर काढायचं, हे सगळं म्हणे तो करणार. त्यासाठी त्याला सोळा टूल्स दिलीत, एकेका कामाला एकेक. कुठलं टूल कशासाठी, हे मी लिहून द्यायचं. ते वाचून तो ठरवणार. म्हणजे स्वतःची अक्कल शून्य. मी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं.

काम नीट झालं तर टीम लीडची जागा तुमची, असं साहेब म्हणाले. म्हणजे झालंच. सासऱ्यांना फोन करून सांगूनही टाकलं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, याच ऑफिसात माझ्या वशिल्याने चिकटलाय. आता हाताखाली येईल. चांगला सरळ करतो.

४ मार्च
'टूलचं वर्णन कसं लिहावं' या विषयावर साहेबांनी सूचनांचं बाड पाठवलंय. मला! या ऑफिसची परिपत्रकं इतकी वर्षं लिहिली कोणी? उघडलंसुद्धा नाही. एकच वाक्य लिहिलं: 'संबंधितांस आवश्यकतेनुसार योग्य ती परवानगी प्रदान करणे अथवा काढून घेणे.' काय वजन आहे! सोळाही टूल्सना तेच चिकटवलं. जेवणाच्या सुट्टीआधी काम फत्ते.

६ मार्च
मेव्हण्याने नाक खुपसलं. म्हणे, भाऊजी, सगळ्यांना एकच वाक्य दिलंत तर कुठलं वापरायचं ते त्याने ओळखायचं कसं? मी म्हटलं, योग्य ते वापरायचं. तर म्हणतो, योग्य म्हणजे कुठलं? या माणसाला पगार कशाचा देतात कोण जाणे. दिवसभर कॉफीच्या मशीनला टेकून उभा असतो.

१० मार्च, दुपार
ठोंब्याची चाचणी. ग्राहक कंपनीच्या मॅडमना आपला आराखडा बघण्याची परवानगी दे, म्हणून सांगितलं. त्या गाढवाने सगळं उघडं करून दिलं. बघा, बदला, आमचे आपसातले शेरेही वाचा! त्यात माझा एक शेरा होता: 'मॅडमना यातलं ओ की ठो कळत नाही, नुसतं हो हो म्हणा.' त्याखाली मॅडमनी लिहिलं, 'कळतं.' मग साहेबांना फोन लावला.

साहेबांनी जाब विचारला. मी स्वच्छ सांगितलं, दोष यंत्राचा. त्यांनी माझी सोळाही वर्णनं मागवून घेतली. पटलं असणार.

१२ मार्च
पटलं नाही. वर्णनं नव्याने लिहायचं काम मेव्हण्याला! हसावं की रडावं?

घरी बायकोला सांगितलं तर ती भावाच्याच बाजूने. म्हणे, 'ते जरा तिकडे ठेव' एवढंच तुम्ही मला सांगता आणि चुकलं की घर डोक्यावर घेता. मी अंदाजाने संसार केला, त्या यंत्राने का करावा? बहीणभाऊ एका माळेचे मणी.

निश्चय: निषेध म्हणून या प्रोजेक्टची एकही फाइल उघडायची नाही. येतील झक मारत.

१५ मार्च, शनिवार
झक मारत कोणी आलं नाही. मेव्हणा आला, पण चहाला. मी फाइल उघडत नाही म्हटल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून वाचून दाखवायला लागला: 'हे टूल माणसाला प्रोजेक्टमधून काढून टाकतं. त्याला परत घेणं फक्त टीम लीडच्या हातात आहे. नुसता बदल करण्याचा हक्क काढायचा असेल तर हे वापरू नकोस. काढण्याआधी नाव सांगून विचार.' ही काय भाषा झाली? बालवाडी! बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, अहो, मलासुद्धा कळलं. मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे.

२० मार्च
साहेब आणि मॅडम, दोघांसमोर प्रात्यक्षिक. टीम लीड आजच ठरणार. वयाचा मान म्हणून कीबोर्ड मी ओढून घेतला. त्या कॉफीबहाद्दराचं पितळ सगळ्यांदेखत उघडं पाडायचं कालच ठरवलं होतं. ठोंब्याला हुकूम सोडला: आठवडाभरात ज्याने एकही फाइल उघडली नाही, त्याला काढून टाक.

ठोंब्याने चार ओळी खरडल्या. यंत्राची बडबड वाचतो कोण? मेव्हणा म्हणाला, भाऊजी, आधी वाचा. घाबरला लेकाचा! साहेबही म्हणाले, अहो वाचा. मी झटकन 'हो' दाबलं.

पडदा कोरा. प्रोजेक्ट गायब. मी म्हटलं, बघा, बिघडलं. त्यावर मॅडमनी मघाच्या ओळी आठवून म्हणून दाखवल्या: असा माणूस एकच आहे, तुम्ही स्वतः. काढलं तर परत घेणं टीम लीडच्याच हातात. काढू का? अगदी सावकाश म्हणाल्या बाई. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ मार्च, सोमवार
सासऱ्यांचा फोन. मुलगा म्हणतो तो टीम लीड झाला, जावईबापू तुम्ही म्हणता तुम्ही झालात. ऑफिसात दोन-दोन असतात का? मी म्हटलं, आवश्यकतेनुसार.

मेव्हण्याने मान खाली घालून सांगितलं, भाऊजी, ठोंब्याकडे अर्ज करा, परत घ्यायची मंजुरी मी देऊनच ठेवलीय. केला. 'योग्य ती परवानगी मिळावी.' ठोंब्याने विचारलं, कुठल्या कामासाठी? बघायला, बदलायला, की लोकांना आत-बाहेर करायला?

दुपारभर विचार केला. माझ्याकडे आता काम काय आहे, तेच आठवेना. शेवटी लिहिलं, 'नुसतं बघायचं आहे.'

ठोंब्याने उलट एक शब्द विचारला नाही. लगेच दिली.