शेवग्याखालच्या दगडावरचा माझा हक्क

मी केशरबाई, दौलतराव पडघान यांची पहिली बायको, राहणार मालेगाव, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हा कागद राजीखुशीनं करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय सुजतात, चालताना दम लागतो, पण कोणावर किती जळायचं ते मला अजून नीट कळतं. वर "पहिली" लिहिलं आहे तो शब्द कोणी काढू नये. लिहून देणारा जगदेव म्हणाला, "काकू, नुसतं पत्नी म्हटलं तरी चालते." मी म्हटलं, "तुले चालत असन, मले नाही चालत."

मी सांगते आणि जगदेव कागदी भाषेत बसवतो. माणसं जिथं बोलली तिथं मात्र त्यानं हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं आहे. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असंही तो सांगतो. म्हणजे दुर्गाबाईची सही या कागदावर येणार नाही. बरं झालं. एक तरी जागा अशी सापडली जिथं ती माझ्या शेजारी नाही.

कलम पहिले, घर. मालेगावचं कवेलूचं घर आणि मागचं अंगण माझ्या वडिलांनी, इंझोरीच्या लखीराम तायडे यांनी, माझ्या नावानं घेऊन दिलं. दौलतराव वारले, त्यांचा यात एक पैसाही नव्हता. आज घरात मी राहते आणि माझी सवत दुर्गाबाई राहते, कामरगावची. सोबत तिचा थोरला गोविंदा आणि त्याची बायको. माझ्या भावाचा मुलगा बबनराव इंझोरीहून सारखा येऊन माझी तब्येत विचारतो, आणि विचारताना वर छताकडे बघतो. मी घर त्याला दिलं तर दुर्गाबाईला बाहेर पडावं लागेल. तिला ते माहीत आहे. गेलं वर्षभर ती माझ्या ताटात आधी वाढते, आणि मला त्याचाही राग येतो.

घर कोणाला, ते पुढे सांगते. आधी अंगणाचं ऐका.

आमच्याकडे बाळंतपण झालं की वार नहाणीच्या बाजूला पुरतात आणि वर चपटा दगड ठेवतात. बाळंतिणीचं न्हाणं त्याच जागी होतं. दुर्गी या घरात चार लेकरं व्याली. जगदेव म्हणतो, "काकू, 'व्याली' जनावराले म्हणतात." मला माहीत आहे, तसंच राहू दे. चारही लेकरांचे दगड माझ्या नहाणीजवळ आहेत. माझ्या बापाची जमीन, दगड तिचे. रोज आंघोळीला बसलं की ते समोर.

माझा एकही नव्हता. मला दिवस जात आणि दर वेळी तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपे. मोतीबाई सुईण सासूला सांगायची, "हिच्या पोटात वारच धरत नाही. पुराव कायले अन् काय?" त्याच बोलण्यावर सासूनं दुर्गीला आणलं. मोतीबाई आता नाही. तिच्या सुनेनं मला मागितलेलं पितळी घंगाळ तिला देऊ नये.

माझी शेवटची खेप आणि दुर्गीची पहिली, तेव्हा आम्ही दोघी एकदमच पोटुशा होतो. तिचे दिवस भरत आलेले, माझे नुकते लागलेले. माझं गेलं. मी माहेरी इंझोरीला जाऊन पडले. परत आले तर दुर्गीच्या मांडीवर गोविंदा, आणि मागच्या भिंतीशी शेवग्याखाली एक नवा दगड. बाजूला तिनं मोगरा लावलेला. थोरल्याची वार, म्हणून वेगळी जागा, असं मी समजले. नहाणीपाशीही एक चपटा दगड आला होता, तो मी नुसता न्हायला बसायचा धरला. त्या दगडाचा मी जितका द्वेष केला तितका माणसाचाही केला नाही. भांडी घासून झाली की राखेचं पाणी मी नेमानं त्याच्यावर ओतत आले. ती रोज सकाळी तांब्याभर स्वच्छ पाणी घालून तो धुवायची. या भांडणात आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही.

कलम दुसरे. माझी शिलाई मशीन, मोठी कात्री आणि पोस्टातली शिल्लक दुर्गीची मुलगी भागिरथा हिला. याचं कारण लिहावं लागेल, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी पाघळली.

लग्नानंतर भागिरथाचंही माझ्यासारखंच होऊ लागलं. दुर्गी रडत बसली, म्हणून औंदा पावसाळ्यात पोरीला घेऊन नागपूरला मी गेले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, हात हातात घेतला आणि समजावलं. वार आईची नसते, बाळाच्याच पेशींची बनते. त्या पेशींवर निरोप घेणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. आईच्या रक्तातून येणारा निरोप त्यांनी घेतला तर वार मूळ धरते. नाही घेतला तर सुरुवातीलाच सुटते. "याचा शोध अजून चालू आहे," बाई म्हणाल्या, "सगळं आम्हालाही कळलेलं नाही. पण यात तुझा दोष नाही. कामाचा नाही, खाण्याचा नाही, कोणाच्या नजरेचा नाही."

पोरगी डोळे पुसत हसली. मी बाजूच्या बाकावर जळत होते. हे चार शब्द मला कोणी का नाही सांगितले? माझ्या वेळी सासू म्हणाली, खडकावर पेरलं. मी विचारलं, "बाई, तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं तर वार असते काय?" त्या म्हणाल्या, "असते ना. लहानशी असते, पण असते."

म्हणजे माझ्याही होत्या. मोतीबाईनं त्या उकिरड्यावर टाकल्या, आणि दुर्गीच्या तेवढ्या मानानं पुरल्या गेल्या.

कलम तिसरे. नागपूरहून आल्या आल्या मी मदनसिंग गवंड्याला बोलावलं. अंगणात फरशी घालायची, सगळे दगड उपटायचे, सुरुवात शेवग्याखालून. त्यानं कुदळ उचलली तशी दुर्गी धावत येऊन त्या दगडावर बसली.

"बाई, बाकीचे चारी उपटा. हा नको."

"काहून? थोरल्याचा म्हणून?"

"गोविंदाचा नहाणीपाशी हाये. हा तुमचा हाये. मोतीबाईनं तुमची वार फडक्यात गुंडाळून मले फेकाले देल्ली होती. माह्याच्यानं नाही फेकवलं."

मदनसिंग कुदळ खाली ठेवून बाहेर गेला. मी म्हटलं, "एवढी वर्सं सांगतलं काहून नाही?"

ती म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी तेही उकरून माहेरी नेलं असतं."

खरंच नेलं असतं. पण कोणी असं समजू नये की माझं मन निवळलं. उलट मी जास्तच पेटले. माझं लेकरू, आणि वीस वर्षांवर ते ठाऊक होतं तिला! त्याला रोज आंघोळ घातली तिनं, मोगरा लावला तिनं, आणि माझ्या हातून गेलं ते राखेचं पाणी. चार स्वतःची असताना माझं एकही तिनं मला पुरतं ठेवलं नाही.

कलम चौथे. घर आणि अंगण दुर्गाबाईला, तिच्यामागे गोविंदाला. बबनरावाला माझी छत्री द्यावी, म्हणजे वर बघायला त्याचं स्वतःचं छत होईल. फरशी कधीही घालू नये. दगड पाचही राहावेत.

कलम पाचवे. शेवग्याखालच्या दगडावर सध्या मी पाणी घालते. माझ्या हयातीत दुर्गाबाईनं त्याला हात लावायचा नाही. तसं मी तिला तोंडीही बजावलं आहे.

जगदेवनं लेखणी थांबवून विचारलं, "अन् काकू, तुमच्या मागं कोण घालीन?"

दुर्गी दारातच उभी होती. तिच्याकडे न बघता मी सांगितलं ते असं: माझ्या मागे दुर्गाबाईनंच घालावं. दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. पण घालताना त्याला सांगत जावं, की हे पाणी तुझ्या आईकडून आहे.

येणेप्रमाणे मी सांगितलं, जगदेवनं वाचून दाखवलं, आणि साक्षीदारांसमोर मी सही केली.

केशरबाई दौलतराव पडघान (सही)

साक्षीदार:
१. भिवाजी सरदार, मालेगाव (सही)
२. मदनसिंग गवंडी, मालेगाव (अंगठा)

लिहिणार: जगदेव इंगोले

ठिकाण: मालेगाव
दिनांक: ९ डिसेंबर १९७७