सहा टेबलं, एक तार

सर,

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते, आणि आज इतक्या वर्षांनीही तुमच्याबद्दल चांगलं लिहायला बसलेले नाही.

रामदासपेठेतल्या आपल्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्याकडे जाणारी तारही एकच. सहा टेबलांवरची टर्मिनलं त्याच तारेला जोडलेली. दोघांनी एकदम मजकूर पाठवला की तारेत दोन्हींची टक्कर व्हायची, कोणाचाच पोचायचा नाही, अख्खं पान पुन्हा टाइप करा. म्हणून रीत पडली होती: पाठवण्याआधी हात वर करायचा, तो खाली येईपर्यंत बाकीच्यांनी बटणाला शिवायचं नाही. आम्ही पाचही जण करायचो. तुम्ही पडलात साहेब, तुमचा हात कसा वर होणार! मुकाट बटण दाबायचात, आणि टक्कर झाली की तिथूनच ओरडायचात, "काहून वं, तुले दिसत नाही का मी पाठवून राहिलो ते?" दरवेळी मलाच. खोलीत बाई मी एकटी, आणि नोकरी कच्ची.

मी एकदा म्हणाले, "सर, कॉम्प्युटरपासून प्रत्येक टेबलाला वेगळी तार टाकली, जाणारी निराळी अन् येणारी निराळी, तर टक्कर होणारच नाही." तुम्ही हसलात. "आता तू शिकवशील मले?" आणि माझ्या अहवालात लिहिलंत, 'हात घाईचा.' त्या दोन शब्दांपायी मी आणखी दोन वर्षं कच्चीच राहिले. पुढे तशी तार आली, पण फक्त तुमच्या टेबलाला. चोर तो चोर, वर शिरजोर.

ती तार येण्याआधीची एक दुपार मात्र डोक्यातून जात नाही. तुम्ही काहीतरी पाठवताय, मीही पाठवते, टक्कर होते. मी बोलणी खायला मान खाली घालून बसलेय. तुम्ही उठून माझ्या टेबलाशी येता. "माझंच चुकलं वं पोरी. मी हातच नाही केला वर." मी म्हणते, "असू द्या, सर."

आता माझ्या ऑफिसात प्रत्येक टेबलाला स्वतःची तार आहे, कोणी कोणाच्या आडवं येत नाही. तुमच्या त्या टकरी मी माफ केलेल्या नाहीत, करणारही नाही. पण हे पत्र तसंही कुठे पोचणार आहे, म्हणून सांगते. त्या दुपारी हात मीही वर केला नव्हता. बटण दाबण्याआधी तुमचा खांदा पुढे झुकतो, हे मला पाठ झालं होतं. तो झुकला, आणि मी दाबलं.