चार फूट आठ इंच

दिनांक ९ मार्च १९८६, रविवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. चंद्रपूर येथील दवाखाना, पुरुष विभाग, खाट क्रमांक सतरा. हे लिहायला घेण्यापूर्वी मी टेपने माझा उजवा पाय मोजत होतो. काळा पडलेला भाग घोट्यापासून वर साडेचार इंच आला आहे. काल चार इंच होता.

मी, खुशाल सोमाजी निमगडे, वय वर्षे सव्वीस, धर्म बौद्ध, शिक्षण नववी नापास, धंदा फिरती फोटोग्राफी, राहणार मौजा पिपरटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवतो की उद्या सोमवारी सकाळी माझा पाय गुडघ्याच्या वरून कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. पण कागदावर सही घेताना मागे कोण कोण आहे ते विचारून घेतले. ताप आज शंभरावर एक आहे. डोके ठिकाणावर आहे. समोरच्या भिंतीच्या फरशा मी दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा एकच आला. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. एकदा कोणी सांगितले म्हणून सही केली, ती चूक काढण्यासाठीच मुख्यतः हे लिहीत आहे.

कलम एक. माझा जबाब.

वारलू पुंगाटी हा माझा भागीदार आणि जीपचा ड्रायव्हर. तो आज सोळा दिवस कोठडीत आहे. दिनांक २२ फेब्रुवारी रोजी मी याच खाटेवरून पोलिसांना जबाब दिला की वारलू दारू पिऊन होता व गाडी जोरात हाकत होता, त्यामुळे जीपमागे जोडलेली आमची फिरती खोली उलटली आणि माझी पत्नी सत्यशीला मरण पावली. हा जबाब खोटा आहे. वारलू प्यालेला नव्हता. गाडी माणसाच्या चालीने चालली होती. त्याची तारीख २४ मार्चला आहे. मी उद्या टेबलावर गेलो तर कोर्टात माझी तेवढी खोटी सही उरेल. म्हणून आधी हे कलम.

खोलीची हकीकत सांगितल्याशिवाय हे कोणाला पटणार नाही, म्हणून ती लिहितो.

मी आणि वारलूने १९८३ मध्ये लष्कराच्या मोडीतली जीप निम्मे निम्मे पैसे घालून घेतली. कुरखेड्यापासून एटापल्लीच्या पुढे सूरजागडच्या डोंगरापर्यंत आम्ही बाजार करत असू. मी फोटो काढी, मूलला येऊन धुई, आणि पुढच्या फेरीला नेऊन देई. पुढची फेरी म्हणजे दोन महिने, पावसाळ्यात पाच. एका गावी एका म्हाताऱ्याने तीन रुपये आगाऊ दिले होते. फोटो घेऊन गेलो तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, "बाप तं गेला. आता हा फोटो कोणाले दाखवू?" तिने फोटो घेतला, पण मला पाणी विचारले नाही. तेव्हापासून मी म्हणत होतो की जीपमागे ओढायची एक खोली पाहिजे. तिच्यात झोपता यावे, अंधार करून फोटो धुता यावा, आणि ज्याचा फोटो त्याला त्याच बाजारात मिळावा. ती जंगलच्या वाटेने गेली पाहिजे आणि तीन हजारांच्या आत बसली पाहिजे.

तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, रोड रोलरमागे मजुरांची असते तशी खोली, लिलावात बावीसशेला. आत दोन बाके आणि चुलीची जागा होती. पण चाके लोखंडी, आणि वजन इतके की जीपने चढावर दम सोडला असता. दुसरी, लष्करी जीपमागची लहान ट्रॉली, वर ताडपत्रीचा तंबू, एकतीसशेला. तिच्या चाकांमधले अंतर जीपइतकेच, चार फूट एक इंच. तिसरी, मूलचा नथ्थू वेल्डर जुन्या मोटारीच्या धुरीवर, म्हणजे चाकांच्या आसावर, बांधून देणार होता ती, पत्रा आणि प्लायवूडची, सव्वासहा फूट उंच. तिचे अंतर चार फूट आठ इंच.

वारलूने लष्करी ट्रॉलीवर हात ठेवला. "हेच घे भाऊ. जीप जाईन तिथी हे जाईन. मंग पाहाचंच काम नाई."

मी ऐकले नाही. मी वही काढली. आमच्या धानपट्टीत वाट म्हणजे खासराची, म्हणजे बैलगाडीची, वाट. बैलाच्या खासराची चाके पिढ्यानपिढ्या एकाच अंतरावर चालतात, चाकोऱ्या हातभर खोल जातात, आणि जे वाहन चाकोरीत बसत नाही ते डुलते. मी पिपरटोल्याच्या तीन वाटांवर बारा जागी टेप लावला. प्रत्येक जागी चार फूट आठ इंच. वाटले, नथ्थूची धुरी देवाने मापून पाठवली. देव मी मानत नाही, पण वाटले तसेच लिहितो.

उंचीही माझ्या हट्टाची. फोटो धुण्याचे काम सत्यशीला करी, आणि लष्करी ट्रॉलीच्या तंबूत तिला दिवसभर वाकून राहावे लागले असते. नथ्थूच्या अंगणात खोली उभी राहिली तेव्हा वारलू तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"भाऊ, हा तं उंट बनवून राह्यला तू."

सत्यशीला आत सरळ उभी राहून हसली. "उंट तं उंट! इतक्या उंच घरात माही सासू बी नाई राह्यली."

नथ्थू म्हणाला, "पल्टी नाई खात. मी जिम्मेदार." हे मी त्याच्याविरुद्ध लिहीत नाही. माप माझे होते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, सकाळी सव्वाअकरा. दोन बाजार चांगले झाले होते, लोक ओले फोटो हातात घेऊन फुंकर मारत घरी गेले होते. तिसऱ्या बाजाराला जाताना घाट लागला. तिथल्या वाटा खासरांनी केलेल्या नाहीत. त्या बांबूच्या ट्रकांनी केल्या आहेत. ट्रकच्या चाकोऱ्या लांब लांब असतात आणि मध्ये उंचवटा राहतो. वारलूने जीप त्या उंचवट्यावर चढवली, तिची चाके त्यावर बसली. मग तो थांबला, खाली उतरला, मागे जाऊन बघून आला.

"खोलीचं चाक काठावर आहे भाऊ. बाईले उतरव. पायी येऊ दे तिले घाटभर."

आत फोटो धुण्याच्या औषधाच्या सहा बाटल्या भरलेल्या होत्या आणि धुतलेल्या निगेटिव्ह दोरीला वाळत होत्या. कोणीतरी धरून बसायला हवे होते. मी म्हणालो, "माप बरोबर आहे. मी मोजलं आहे."

वारलू म्हणाला, "तुय्या गावचं मोजलं न भाऊ. इथचं कोण मोजलं?"

मी म्हणालो, "चल."

डावे चाक काठावरून चाकोरीत गेले. खोली उंच होती, ती त्याच बाजूला पडली आणि दहा-बारा हात खाली गेली. जीपची मागची बाजू ओढली गेली तेव्हा मी उडी मारली आणि खोली ओढायच्या लोखंडी दांड्याखाली पाय आला. वारलू एकटा खाली उतरला. सत्यशीलेला त्यानेच वर आणले. तिच्या हातात निगेटिव्हची दोरी होती.

कलम दोन. दारूचे दोन रुपये.

माझे सासरे देवराव यांनी पोलिसांना माझी खर्चाची डायरी दाखवली. तिच्यात २१ तारखेला "वारलू, दारू, रु. २" असे माझ्याच अक्षरात आहे. ते खरे आहे. वारलूच्या माडिया लोकांत घाट चढण्याआधी वाटेच्या दगडावर मोहाची दारू ओततात. वारलूने सगळी बाटली दगडावर ओतली, स्वतः थेंबही घेतला नाही, रिकामी बाटली जीपमध्ये ठेवली. पैसे मी दिले. पण मी बौद्ध माणूस, माझ्या हिशेबात देवाच्या नावाने खर्च लिहायला माझा हात धजला नाही. "पूजा" लिहायचे नव्हते, म्हणून "दारू" लिहिले. त्या एका शब्दाने तो आत आहे.

जमादार आले तेव्हा सासरे खाटेजवळ होते. ते म्हणाले, "जवाईबापू, तुमी बोलू नका, तुमाले ताप आहे. मी सांगतो. तुमी फक्त हो म्हणा." मी हो म्हणालो. ताप होता, पण तेवढ्याने म्हणालो नाही. कोणी माझे माप काढणार नाही, या विचाराने मला बरे वाटले. हे लिहायला मला आज वीस मिनिटे लागली.

कलम तीन. बांबूची कामटी.

गुरुवारी वारलूचा मोठा भाऊ लच्छू दवाखान्यात आला. त्याने शिव्या दिल्या नाहीत. बांबूची एक कामटी माझ्या खाटेवर ठेवली.

"घाटात जाऊन मोजलो. दोन चाकोरीच्या मधात जेवढं, तेवढी तोडलो. तुमाले माप लागते म्हणून आणलो."

मी टेप लावला. चार फूट सहा इंच. जीप त्यावर मावते. लष्करी ट्रॉली मावली असती. आमची खोली मावत नव्हती, दोन इंचांनी.

लच्छूने टेपवरचा आकडा स्वतः पाहिला. जाताना म्हणाला, "सही तं तुमीच केली न भाऊ?" मी होकाराची मान हलवली. तो बस पकडायला गेला. त्याला दीड दिवस लागतो परत जायला.

ही कामटी या पत्रासोबत कोर्टात द्यावी. कोणी तिचे टोक छाटू नये.

कलम चार. वाटणी.

जीपमधला माझा निम्मा हिस्सा वारलूला. तो कोठडीत असल्याने लच्छूने ताबा घ्यावा. कॅमेरा आणि फोटो मोठा करण्याचे यंत्र माझी आई गिरजाबाई हिने विकावे. घर दोन खणांचे, कवेलूचे, तेही तिचेच. आई, नथ्थूला दोष देऊ नको. फिरत्या खोलीचा पत्रा त्याने परत न्यावा. धुरी कोणालाही देऊ नये, तिचे दोन तुकडे करावेत.

सत्यशीलेच्या साड्या आणि चांदीच्या पाटल्या तिच्या वडिलांना. मामाजी, तुम्हाला राग धरून काही कमी देत नाही. तुमची मुलगी गेली, तुम्हाला कोणीतरी दोषी पाहिजे होता, आणि जावयाला तोंडावर कसे म्हणणार. आता हे पत्र वाचून म्हणा. मी असलो तर ऐकेन.

निगेटिव्हचा पेटारा मूलच्या कोणत्याही स्टुडिओला द्यावा आणि खोली होण्याआधीच्या मागच्या फेरीचे त्रेचाळीस फोटो करून घ्यावेत. नावे व गावे पेटाऱ्याच्या झाकणात आतून चिकटवली आहेत. पैसे आगाऊ घेतलेले आहेत. फोटो काढताना मागचा पडदा सत्यशीला धरून उभी राही, म्हणून प्रत्येक निगेटिव्हच्या काठावर तिची बोटे आली आहेत. मी फोटो देताना तो काठ कापून टाकत असे. या त्रेचाळीस फोटोंचा काठ कापू नये. ते तसेच लोकांना द्यावेत.

मेलो तर त्रिशरण पंचशील घ्यावे, दुसरे काही करू नये. मला तिच्या शेजारी ठेवावे की नाही ते मामाजी ठरवतील.

कलम पाच. साक्षीदार.

साक्षीदार वारसांपैकी नसावा असे ऐकले आहे, म्हणून शेजारच्या खाटेवरचे दादाजी यांना विचारले. ते मूलचे धानाचे शेतकरी आहेत, हर्नियासाठी आले आहेत. ते म्हणाले, "अबे पोट्या, पाय कापून राह्यले तुया, मुंडी नाई. एवढं मोठं काय लिहून राह्यला?" मी त्यांना पहिली तीन कलमे वाचून दाखवली. त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, "आण इकडे. सही कुठी कराची?"

मी पाच पाने लिहिली आहेत. प्रत्येक पानावर खाली माझी सही आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे बाजूला आद्याक्षरे घातली आहेत. यानंतर माझ्या नावाने कोणी दुसरा जबाब दाखवला तर तो मानू नये. हाच माझा जबाब.

सही : खुशाल सोमाजी निमगडे

साक्षीदार पहिला : दादाजी ऋषी चौधरी, राहणार मूल. "याने मला वाचून दाखवले, मी ऐकले."

साक्षीदार दुसरी : कमला रामटेके, परिचारिका, पुरुष विभाग. सही माझ्यासमोर झाली, वेळ सायंकाळी पाच वाजून पंचवीस.

ठिकाण : चंद्रपूर. दिनांक ९ मार्च १९८६.

जोडपत्र. खोलीचा हिशेब.

धुरी, जुनी : रु. ९००
लोखंडी पट्ट्या व पत्रा : रु. ७८०
प्लायवूड : रु. ४१०
टायर दोन : रु. ३६०
नथ्थूची मजुरी : रु. २००
एकूण : रु. २६५०

देणे, नथ्थूला, मजुरीपैकी : रु. ८०
देणे, गिऱ्हाइकांना : फोटो त्रेचाळीस
देणे, वारलूला : खरा जबाब. लिहून झाला, पोचवणे बाकी.

लष्करी ट्रॉलीची किंमत : रु. ३१००
ती न घेतल्याने वाचवले : रु. ४५०. पोस्टात आहेत, पासबुक उशीखाली. वारलूच्या वकिलाला द्यावेत.