आईचा गेमिंग लॅपटॉप

नांदेड,
११ जून

प्रिय आदर्श,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आज माझ्या मनात तुझ्याबद्दल जे आहे त्याला तो शब्द शोभत नाही, पण तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात पत्रं लिहून हाताला लागलेली सवय सुटत नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "आई, आधी माझं ऐक" म्हणतोस आणि शेवटपर्यंत मीच ऐकत बसते. पत्र कुणाला मध्येच तोडता येत नाही, तेव्हा आता तू ऐक.

उमाशंकरने मला सगळं सांगितलं आहे. तुझा वर्गमित्र म्हणून एप्रिलमध्ये मी त्याच्या वजिराबादच्या दुकानातून गेमिंग लॅपटॉप घेतला, आणि तुझ्या सांगण्यावरून त्याने गेमिंगच्या नावाखाली माझ्या गळ्यात साधा लॅपटॉप मारला. मी जाब विचारायला गेले तर घाम पुसत म्हणाला, "काकू, माझी काय बी चूक न्हाई. आदर्शच म्हणला, लाईटवालं कायतरी दे, तिला काय कळून राहिलंय!" दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. तुझं वाक्य त्या चौघांनीही ऐकलं.

तर मला काय कळतं ते सांगते. फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने मी रोज दुपारी मोबाइलवर लॅपटॉपची परीक्षणं बघितली आणि वहीत टिपणं काढली. माझं बजेट ऐंशी हजारांचं होतं. तेवढ्यात सगळं मिळत नाही, काहीतरी सोडावं लागतं, हे मला चौथ्या दिवशीच समजलं. मग मी ठरवलं, दिसायला ठोकळा असला तरी चालेल, वजनाला जड असला तरी चालेल, बॅटरी दोन तासांत संपली तरी चालेल, कारण मी तो घेऊन कुठे मिरवायला जाणार नाही. पण गेमची चित्रं हलवणारं ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र हवं. त्याचं नुसतं नाव बघून भुलायचं नाही, कारण त्याच नावाचं कार्ड एका लॅपटॉपात साठ वॅटवर चालतं आणि दुसऱ्यात शंभरावर, आणि कंपन्या ही गोष्ट बारीक अक्षरात लिहितात. वॅट म्हणजे काय हे लातूरला तू क्लासमध्ये फी घेऊन शिकवतोस, मी फुकट शिकले. रॅम सोळाची, आणि पुढे वाढवता येईल अशी. पंखे दमदार हवेत, कारण परीक्षणवाले एसीत बसून बोलतात आणि मला तो नांदेडच्या मे महिन्यात चालवायचा होता.

ही वही मी दुकानात नेली होती. उमाशंकरने एकेका ओळीवर बोट ठेवून "हाव काकू, हाय, हे बी हाय" म्हटलं. ऑफर चालू आहे म्हणून ठरवल्यापेक्षा वीस हजारांनी स्वस्तही लावला. मी खूश! ज्या पोराला दहावीच्या अभ्यासाला आला की मी ताटभर वाढायचे, त्याचं बिल कशाला वाचू? चूक माझी तेवढीच. घरी आणून चालू केला तर कीबोर्डाला सात रंगांचे दिवे, एखाद्या वरातीच्या गाडीसारखे. आणि गेम उघडला की चित्र जागच्या जागी थिजायचं. बडा घर पोकळ वासा. मला मात्र वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबते आहे. तीन आठवडे, आदर्श, तीन आठवडे मी स्वतःला मठ्ठ समजत होते. एकदा तर लॅपटॉपसमोर बसून रडले. शेवटी एका व्हिडिओत कुठे बघायचं ते दाखवलं, तिथे बघितलं, तर आत स्वतंत्र ग्राफिक्स कार्डच नव्हतं.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, तूही खुशाल म्हण. पण निवृत्त बाईला गेम कशाला हवा, हे तू मला विचारलं नाहीस. उमाशंकरला सूचना दिल्यास, मला एक प्रश्न विचारला नाहीस. विचारलं असतंस तर मी कदाचित खोटंच सांगितलं असतं, हेही खरं आहे. आज खरं सांगते.

धम्मप्रिया घरी होती तेव्हा तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर शेतीचा एक ऑनलाइन गेम खेळायची. तुझ्या बहिणीचं नाव वाचून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, पडू देत. मी ऑफिसातून आले की चहा घेऊन तिच्याशेजारी बसायचे. आपल्याला सात पिढ्यांत वीतभर जमीन नव्हती, आणि इथे आम्हा मायलेकींची वीस एकर होती. तिने मला ट्रॅक्टर चालवायला शिकवलं, माझ्या नावाचं खातं काढून दिलं. मग तिने बसवराजशी लग्न केलं. तू तिला न विचारता लातूरच्या एका घराला शब्द देऊन बसला होतास, आणि तिने उदगीरचा मुलगा स्वतः निवडला, एवढाच तिचा गुन्हा. तुझे बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू त्यांच्या फोटोवर माझा हात ठेवलास आणि वदवून घेतलंस, की प्रियाशी एक शब्द बोलणार नाही. मी त्या वेळी खचले होते. एक मूल घरातून गेलं, दुसरंही जाईल या भीतीने मी रडत रडत शपथ घेतली. याची लाज मला चार वर्षं वाटते आहे.

मी शपथ पाळली. तिला शेवटचा फोन करून सांगितलं की आता फोन करू नकोस, आणि ठेवून दिला. आठ-दहा दिवसांनी घर खायला उठलं म्हणून तो जुना कॉम्प्युटर लावला, गेम उघडला, तर आमच्या शेतात लाल टोपी घातलेली ती उभी होती. लग्नानंतर ती दोघं हैदराबादला गेली होती, तिथून. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच ते सहा आम्ही दोघी शेतात. माईक बंद. लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे बोलणंच. मी नांगरायचं, तिने पेरायचं. माझा गहू पिकला आणि मी तापाने पडले तर तिने कापून ठेवला. दर चौदा एप्रिलला ती आमच्या तिथल्या घराला निळा रंग द्यायची आणि मी अंगणात दिवे लावायचे. चार वर्षं मी माझ्या लेकीशी अशी नांदले, एक शब्दही न बोलता.

फेब्रुवारीत गेम नवा झाला आणि जुन्या कॉम्प्युटरने हात टेकले. म्हणून लॅपटॉप, म्हणून ती वही, म्हणून वॅट. जयंतीच्या आत शेतात पोचायचं एवढीच माझी घाई होती. या वर्षीच्या चौदा एप्रिलला मी तुझ्या सात रंगांच्या दिव्यांपुढे बसून होते आणि ती तिकडे एकटी. आईने शेवटी हेही तोडलं, असं तिला वाटलं असेल. मला फसवलंस ते मी गिळलं असतं रे. हे नाही गिळवत.

उमाशंकरकडून मी तो बदलून घेतला, डबा उघडायला लावून, बिलाची ओळन् ओळ वाचून. आता आहे तो ठोकळा आहे, त्याचा चार्जर विटेएवढा आहे, आणि पंखे सुरू झाले की शेजारच्या केवळाबाई विचारतात गिरणी घातली का. पण चालतो. मे महिन्यात मी शेतात परतले तेव्हा लाल टोपीवाली कुंपणापाशी उभी होती. किती वेळ ती हललीच नाही. मग ट्रॅक्टरवर चढली, आणि आम्ही कामाला लागलो.

हे पत्र लिहायचं कारण मात्र परवाचं. परवा तिने मला शेतातून घरात नेलं. पुढे-पुढे चालायची, मी येते का बघायला थांबायची. मागच्या खोलीत तिने पाळणा आणून ठेवला होता. मग मी माईक चालू केला आणि विचारलं, "कितवा?" तिनेही तिचा माईक चालू केला. मग म्हणाली, "सातवा लागला, आई." शपथ मोडली, आदर्श. तुझ्या बाबांची मी फोटोपुढे बसून माफी मागणार होते, पण बसल्यावर कळलं की माफी शपथ मोडल्याची नाही, घेतल्याची मागायची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. रविवारी बसवराज तिला इथे आणून सोडतो आहे. तुझी खोली मी तिच्यासाठी लावली, तुझी पुस्तकं खोक्यात भरून जिन्याखाली ठेवली आहेत. मामा म्हणून येणार असशील तर ये, दार उघडं आहे. पुन्हा माझा हात धरून कुठल्या फोटोवर ठेवायला येणार असशील, तर लातूरलाच राहा. या वेळी मी तुझ्या मागे रडत येणार नाही.

तुम्हा दोघांचीच,
आई