विळी हातात देऊ नये

माय, तुझी विळी अजून माझ्याकडे आहे. पाट दोनदा बदलला, पातं मात्र तेच. पाजवून पाजवून इतकं झिजलंय की सून म्हणते, आता हिला विळी म्हणायचं की दाभण? तिच्या स्वयंपाकघरात उभ्यानं कापायची सगळी सोय आहे. मी मात्र वर्ध्याच्या या घरात मागच्या ओसरीवर फतकल मारून बसते आणि पायाखाली पाट दाबून वांगी चिरते. आजही बसले होते. अर्धी चिरून झाली, पाहुणी यायला अवकाश आहे, म्हणून नातवाच्या वहीतली दोन पानं मागून तुला लिहायला घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मले कुठं वाचता येते व?" येत नव्हतंच तुला. म्हणूनच तर मी इतकी बिनधास्त लिहिते आहे.

विळीचा पहिला धडा तूच दिलास. मी सात-आठ वर्षांची असेन. तू विळी मागितलीस आणि मी ती उचलून सरळ तुझ्या हातात द्यायला गेले, तर तू विंचू पाहिल्यासारखा हात मागे घेतलास. "खाली ठेव! धारेची वस्तू हातात देते काय? भांडन होते न!" मग मी ती जमिनीवर ठेवली, तू जमिनीवरून उचललीस, आणि आपलं व्हायचं ते भांडण टळलं. तळेगावात सगळ्याच बायका असं करायच्या, पण तुझ्याइतकं कडक कुणी पाळत नसेल. शेजारच्या काकी आणि तू दिवसभर एका विळीवर भाजी चिरायच्यात. एकीनं उठायचं, विळी खाली टेकवायची, मग दुसरीनं ती ओढून घ्यायची. मला वाटायचं, त्या विळीलाच बिचारीला मधूनमधून विसावा लागत असावा.

काकी आपल्या नात्यातल्या नव्हत्या हे मला फार उशिरा कळलं. आपलं घर आणि त्यांचं घर समोरासमोर, मधे एकच अंगण. बाबा आणि काका दोघंही संत्र्याची कलमं बांधायचे. थंडी पडली की एका सायकलवर दोघं मळ्यात जायचे, जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपाची साल चाकूनं चिरून त्यात संत्र्याचा डोळा भरायचे आणि केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधायचे. बाबा अबोल, काका बोलके. बाबांचा राग चढायला आठवडा लागायचा, काकांचा चढायला एक शब्द पुरायचा आणि उतरायला एक विडी. तू काकींना "लहाने" म्हणायचीस, त्या तुला "मोठे". त्यांची मुलगी तुला मोठमाय म्हणायची आणि जेवायच्या वेळी बरोबर आपल्या घरी असायची. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, एका गोधडीत शिरायचो, आणि आंघोळीला हाक मारली की एकदमच गायब व्हायचो. इतकं सुख होतं माय, की आता लिहितानाही मला हसू येतं आहे.

मग तो बाजाराचा दिवस आला. त्या साली काकांनी भरलेले डोळे बरेच वाळले होते आणि बाबांचे छान धरले होते. चहाच्या दुकानात कुणीतरी त्यावरून काकांची फिरकी घेतली. सगळे हसले, बाबाही हसले. काका तेव्हा कलमाच्या चाकूनं नखं साफ करत होते, एवढंच. चाकू हातात नसता तर त्यांनी बाबांना एक ठेवून दिली असती आणि संध्याकाळी दोघं पुन्हा ओट्यावर विड्या ओढत बसले असते. पण चाकू हातात होता. तो बाबांच्या उजव्या हातात कोपराखाली शिरला आणि आतलं काहीतरी कायमचं तोडून गेला. बाबांना आर्वीच्या दवाखान्यात नेलं. काकांना पोलिसांनी नेलं, पुढे त्यांना शिक्षा झाली. काका पळालेही नाहीत. लोक सांगायचे, ते तिथंच बसून बाबांच्या हाताला स्वतःच्या धोतराचा काठ बांधत होते आणि बांधता बांधता रडत होते.

बाबा जिवंत परत आले, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पुन्हा नीट मिटलंच नाही. कुणी पेरू कापायला लागलं तरी ते उठून आत जायचे. आणि तू? तू काही देवी नव्हतीस माय. तू अंगणात उभी राहून काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास, काकींचं तुझ्याकडे राहिलेलं पातेलं त्यांच्या दारात भिरकावलंस, आणि मग अंगणाच्या बरोबर मधोमध गोवऱ्यांची रास लावायला घेतलीस. एकावर एक, माझ्या डोक्याच्या वर. भिंतच ती. "तिकडं जायाचं नाई. पाह्यचं बी नाई," एवढंच मला सांगितलंस. पलीकडून माझी मैत्रीण गोवरीच्या फटीत तोंड घालून मला हाक मारायची आणि तिच्या नाकाला शेण लागलेलं असायचं. मला हसू यायचं आणि रडूही.

गावाचंही विचित्र झालं होतं. बाजारात कलिंगडवाला फोड कापून दाखवेना, गिऱ्हाईक घेईना. न्हाव्यापुढे गळा द्यायला कुणी तयार होईना, त्यामुळे बघता बघता गावातल्या पुरुषांच्या दाढ्या वाढल्या आणि तळेगावात साधूंचा मेळा भरल्यासारखं दिसायला लागलं. काकींना विहिरीवर कुणी पाणी काढू देईना असं नव्हतं, पण त्या आल्या की बाकीच्या बायकांच्या घागरी लगेच भरायच्या. कुणी त्यांना निंदणीला बोलावेना. चाकू काकांनी मारला आणि भीती वाटायची काकींची.

शेवटी पोलीस पाटलांनी ठरवलं की गावातली धारेची हत्यारं एकदा चावडीवर मांडायची, कुणाकडे काय आहे ते पाहायचं. दवंडीचं काम कोतवालबुवांकडे आलं. त्यांना दात नव्हते आणि लक्षातही फारसं राहत नसे. त्यांनी दवंडी पिटली ती अशी: "ऐका हो ऐका! ज्याच्या घरी धार असंल, त्यानं सकायी चावडीवर आनून जमा कराव हो!" हत्यार हा शब्द वाटेत कुठे सांडला कोण जाणे.

त्याच संध्याकाळी गोवऱ्यांच्या फटीतून एक चिंधीची पुरचुंडी माझ्या हातात आली. आत माझ्या मैत्रिणीचे सगळे चिंचोके होते. "तुले ठेव," ती म्हणाली, "आमी उद्या नाचणगावले चाललो मामाच्या घरी. माय म्हनते, आता इकडं येनं नाई." मी तुझ्याकडे धावत आले. तू चुलीपुढे बसली होतीस. तू फुंकणीनं इतक्या जोरात फुंकलंस की राख आपल्या दोघींच्या तोंडावर आली. माझं सगळं जग उद्या बैलगाडीत बसून जाणार होतं आणि तू राख पुसत होतीस. मला तुझा इतका राग आधी कधी आला नव्हता.

सकाळी चावडीपुढे ढीग लागला. विळे, खुरपी, कोयते, अडकित्ते. तू तुझी विळी ठेवलीस. बाबा हात गळ्यात बांधून लिंबाखाली बसले होते. काकीही आल्या, मुलीचा हात धरून, आणि आपली विळी ढिगापासून लांब, एका कडेला ठेवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागच्या गल्लीतली म्हातारी, जिला सगळं गाव आजी म्हणायचं, हातात चरवी घेऊन हळूहळू आली आणि तिनं ती चरवी त्या कोयत्यांच्या शेजारी नीट ठेवली.

पाटलांनी आत वाकून पाहिलं. "हे काय व आजी?"

"धार," आजी म्हणाली. "एवढीच निंघाली बापा. गाय आटून राह्यली माही."

"धार?"

"आता तूच दवंडी देल्ली न, धार आनून द्या म्हनून? सकायपासून नातू रडून राह्यला दुधासाठी. पन सरकारले काऊन पाह्यजे व एवढं दूध? मोठ्ठं बाळंतपन हाय काय कुठं?"

माय, ते हसू! आधी कोतवालबुवा तोंडावर हात घेऊन बसले, मग पाटलांच्या मिशा हलायला लागल्या, आणि मग सगळी चावडी फुटली. दाढीवाले पुरुष एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. बाबा हसले! दुखरा हात पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्या दिवसापासून ते पहिल्यांदाच हसत होते आणि तू त्यांच्याकडे बघत राहिली होतीस. आणि त्या सगळ्या गलक्यात एक हसू मला ओळखीचं ऐकू आलं. काकी हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खांदे गदगदा हलवत, तुमच्या दोघींच्या विळीपुढे बसून हसायच्या तशाच. मग लोकांचं लक्ष गेलं. एकेकाचं हसणं थांबलं. काकींचं सर्वांत शेवटी थांबलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना चोरी करताना धरलं आहे.

तू उठलीस. ढिगाकडे गेलीस आणि आपली विळी उचललीस.

"पाटील, माही विळी मी नेऊन राह्यली. आज आमच्या घरी रोडगे हायेत."

मला ठाऊक होतं, घरात ना वांगं होतं ना रोडग्यांपुरतं पीठ. पाटील काहीतरी म्हणायला गेले, तू थांबली नाहीस. तू सरळ काकींपुढे जाऊन उभी राहिलीस आणि विळी पुढे केलीस. जमिनीवर नाही. हातात.

"धर. वांगे चिराचे हायेत."

काकी मागे सरकल्या. "खाली ठेव न वो मोठे. हातात नोको देऊ. भांडन होते."

"आता आनखी कोनतं भांडन होनार हाय व लहाने?" तू ओरडलीस. "झालं तेवढं कमी हाय काय? धर म्हनते न!"

क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय करावं. मग आजीच आधी खिदळली. काकींनी विळी धरली, आणि ती दोघींच्या हातात असतानाच त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. तूही. मी मात्र लगेच मैत्रिणीचा हात धरला आणि आम्ही दोघी घराकडे पळालो, कारण मोठी माणसं रडायला लागली की पुन्हा विचार बदलतात हे आम्हाला माहीत होतं.

आम्ही पोचतो तोवर तू मागून आलीसच. "पोट्टेहो, गोवऱ्या आना!" कुठल्या, असं विचारायची गरजच नव्हती. रोडगे भाजायला हार, म्हणजे आगटी, रचायचा तर गोवऱ्या ढीगभर लागतात, आणि त्या अंगणात तयारच होत्या. ती भिंत आम्ही दोघींनी जितक्या वेगानं पाडली तितक्या वेगानं आयुष्यात कुठलंच काम केलं नाही. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका वांगी, कणीक, मिरच्या घेऊन यायला लागल्या. वांगी आली म्हणजे चिरायला हत्यार हवं, म्हणून ज्यानं त्यानं चावडीवर जाऊन आपापलं उचलून आणलं. पाटलांच्या ढिगात संध्याकाळी एक गंजका अडकित्ता तेवढा उरला. आजीच्या दुधाची खीर झाली आणि पहिली वाटी तिच्या नातवाला मिळाली. बाबांना उजव्या हातानं रोडगा फोडता येईना. ते ताटाकडे बघत बसले होते. तर माझी मैत्रीण त्यांच्यापुढे जाऊन बसली, रोडगा फोडला, तूप घालून कुस्करला, आणि विचारलं, "मोठेबाबा, वरण घालू काय?" बाबांनी डाव्या हातानं ताट तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "घाल. जास्त घाल."

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही, तुला खोटं आवडत नसे. काका सुटून आले तेव्हा बाबा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढे दोघं पुन्हा मळ्यात जायला लागले, कारण एकाची बोटं चालत नव्हती आणि दुसऱ्याला कुणी काम देत नव्हतं. काका साल चिरायचे, बाबा डाव्या हातानं आणि दातांनी दोरी आवळायचे. पण काकांच्या हातात चाकू असला की बाबा त्यांच्याकडे कधीच पाठ करून बसले नाहीत, शेवटपर्यंत. काकांनाही ते कळायचं. ते चाकू वापरून झाला की लगेच मिटून बाबांच्या समोर मातीत ठेवायचे. त्या वर्षी दोघांनी मिळून बांधलेली कलमं मात्र एकूण एक धरली, आणि काका गावभर सांगत फिरले की डोळे माझे आणि गाठी त्याच्या.

फाटकाची कडी वाजते आहे. आलीच वाटतं तुझ्या लहानीची लेक. या वयातही एसटीनं एकटी येते आणि पोचल्या पोचल्या विचारते, वांगी चिरलीस काय व? माझी अर्धीच झाली आहेत, आता बोलणी खावी लागणार. हे कागद मी घडी करून विळीच्या पाटाखाली सरकवते, तुझ्यापर्यंत जाण्याचा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं माय. तू त्या दिवशी गावादेखत नियम मोडलास, पण मला तेवढा धीर नाही. मी अजूनही सगळ्यांना विळी खाली ठेवूनच देते. सुनेला, लेकीला, नातीला. उगाच कशाला भांडण? एकट्या हिच्याच हातात तेवढी बिनधास्त देते. आमचं होऊन गेलेलं आहे.