बुडीत बाभळींची जागा

३ एप्रिल
सोसायटीच्या शेडात मीटिंग. नांदेडहून संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. धरणात हरवलेली जाळी काढायची, आमच्या आणि पलीकडच्या तेलंगणाच्या काठानं मिळून. एका होडीत एक इकडचा, एक तिकडचा. म्हणाल्या, इथली जाळी पुरात वाहत थेट समुद्राला जातात. जात असतील. समुद्र मी पाहिला नाही. त्याला माझी काळजी नाही, मग मला त्याची का?
मग नकाशा काढला. ज्याचं जाळं जिथं अडकलं तिथं त्यानं लाल टिकली लावायची. मनात पाल चुकचुकली. जाळं अडकतं पाण्याखालच्या खुंटांत, आणि मासाही बसतो तिथंच. म्हणजे आपापली जागा चारचौघांत दाखवा! मॅडमना हे कळत नाही की लई चांगलं कळतं, ठरवता येईना.
माझी टिकली पुलाखाली लावली. तिथं बेडूकसुद्धा मिळत नाही. मागं वळून बघतो तर सगळ्यांच्याच टिकल्या पुलाखाली.

५ एप्रिल
माझ्या वाट्याला राजन्ना. पलीकडचा अख्खा काठ सोडून नेमका हाच! दिवाळीपासून माझ्या जागेवर मासा लागत नाही, तो हाच अलीकडं जाळं लावून अडवतो असा माझा पक्का संशय. तिथं खाली बुडालेल्या बाभळी आहेत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. थोरल्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण त्या जागेवर चाललंय. ती गेली तर...
दिवसभर पुलाखाली दोराला बांधलेला लोखंडी आकडा फिरवला. एक चप्पल, सिमेंटची एक पिशवी.
राजन्ना म्हणाला, "लेदु. काय नाही."
मी म्हणालो, "खोल असंल."
घरी सांगितलं तर कमल म्हणते, "त्यो बी तुमच्यावानीच खोटं बोलून राहिला. जोडी झ्याक जमली." बायको माझी, बाजू त्याची.

८ एप्रिल
आज रा.नं आपणहून होडी त्याच्या काठाकडं वळवायला लावली. "इथं टाक." कान टवकारले. स्वतःची जागा कोण दाखवतं?
आकड्याला जाळं लागलं. शेवाळलेलं, जड. आत एक मेलेलं कासव, माशांचे काटेच काटे, आणि एक मरळ, जिवंत, नुकतीच अडकलेली.
"दोन साल झालं हे हरवून," रा. म्हणाला. "आजून मासा पकडते."
मरळ त्यानं सोडून दिली. मी असतो तर घरी नेली असती.
जेवण गेलं नाही. दिवाळीत माझं नवंकोरं जाळं बाभळीत अडकलं होतं. दोर कापून आलो होतो. म्हणजे तेव्हापासून खाली बसून मासा खातंय ते माझंच जाळं? पण रा. अगदीच साधू आहे असंही नाही. बघू.

९ एप्रिल
कमलला म्हणालो, देगलूरच्या बाजाराला जातो. गेलो बाभळीवर, एकटा. आकडा लागला, जोर लावला, होडी कलली. पोहता येतं, पण पाय जाळ्यात गुंतला तर पोहणं काय कामाचं? खरंच घाबरलो. आकडा कसाबसा सोडवला. जाळं जागचं हललं नाही.
एकट्याचं काम नाही. भावकीतला कुणी न्यावा तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या काठाला जागा कळणार. रा. निदान लांब राहतो. भाषाही वेगळी. नाइलाज आहे.

११ एप्रिल
रा.ला नेलं. मुद्दाम वळसे घालत नेलं, वाट त्याच्या ध्यानात राहू नये म्हणून. तो मिशीत हसत होता बहुतेक. बाभळी जवळ आल्या तसा म्हणाला, "थोडं डावीकडं," आणि मी बोट दाखवायच्या आत त्यानं आकडा टाकला. बरोबर खुंटावर.
अंगाचा तिळपापड झाला. "तुला कसं ठाऊक रे?"
"तुला कसं?"
दोघांनी मिळून ओढलं. एकच गोळा वर आला, माझं निळं जाळं आणि त्यात गुंतलेलं त्याचं हिरवं. घाण वास. ही एवढी मासळी, सडलेली, कुणाच्याच पोटात न गेलेली. मी दिवाळीपासून त्याला शिव्या घालतोय, तोही मला घालत असणार. लई वाईट वाटलं.
बोलणं झालं ते एवढंच, की मासा परत बसावा म्हणून पाऊस लागेपर्यंत इथं दोघांनीही जाळं टाकायचं नाही. मी त्याच्या हातावर हात मारला. तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला. शब्द दिला की शिवी, देव जाणे.
काठावर मॅडम खूश. नकाशा उघडून उभ्या. "एवढं कुठं सापडलं हो?"
रा. पापणी न लववता म्हणाला, "मसणवट्याखाली." तिकडं कुणी जाळं टाकत नाही.
मी म्हणालो, "हाव. तिथंच."
मॅडमनी टिकली लावली.

१४ एप्रिल
दोन दिवस दम धरला. आज उजाडताच वाटलं, एकदा बघून यावं, तो तिथं गेलाय का. नुसतं बघायला. जाळं घरीच ठेवलं.
कमल म्हणाली, "त्याला तुम्ही दिसलाव तर?"
"दिसू दे. होडी रिकामी हाय."
"त्येला लांबून कसं कळंल, रिकामी हाय ते?"
तरी निघालो. बाभळींची जागा दिसेल इतक्या अंतरावर आलो तर समोरून त्याची होडी. मला बघून थांबली. मीही वल्हं थांबवलं. त्याच्या होडीत जाळं होतं की नाही, ऊन डोळ्यांवर होतं, दिसलं नाही. त्यानं हात वर केला. मीही केला.